देवराई पाहायची तर सुरुवात बाहेरून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण कोकणात आजोळच्या गावाला लागून एक देवराई आहे. मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी दोन मित्रांना घेऊन गेलात, अर्ध्या तासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलात, आणि काळोख, पाचोळा, चार शेंदूर लावलेले दगड यापलीकडे काही हाती लागलं नाही. आता विचारता की अशी राई पाहायची कशी, जायचं कधी, बरोबर काय न्यायचं, आणि भोवतालचा मुलूख पाहण्याजोगा आहे का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण भोवतालचा मुलूख पाहिल्याशिवाय राई कळत नाही असं माझं ठाम मत आहे. राई म्हणजे गावच्या जमिनीचा देवाच्या नावाने राखलेला असा तुकडा, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोयता चाललेला नाही. कोयता चालला की रान कसं दिसतं हेच डोळ्यांखालून गेलेलं नसेल, तर न चाललेलं रान ओळखणार कशावरून? म्हणून पुढच्या खेपेला राईत शिरण्याआधी एक पूर्ण सकाळ बाहेर घालवा.

गाव सोडून उताराला लागलात की आधी मालकीचं रान लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. हे रान दर काही वर्षांनी सरपणासाठी, कोळशासाठी तुटतं. झाडाच्या बुडाशी वाकून बघा. एकाच खुंटातून सारख्या जाडीचे चार-पाच सोट वर आलेले दिसले, की ते रान तोडल्यावर पुन्हा फुटलेलं आहे हे नक्की. ऐन आणि किंजळ ही झाडं तर याहून बोलकी. भाताचा राब भाजायला, म्हणजे रोपांसाठीची जमीन पालापाचोळा जाळून तयार करायला, या झाडांच्या फांद्या उतरवतात, त्याला कवळ तोडणं म्हणतात. वर्षानुवर्षं कवळ तोडलेलं झाड उंच, गाठाळ होतं, आणि फांद्या खोडालाच चिकटून आखूड फुटतात. गावातल्या एखाद्या आजोबांना विचारलंत तर कुठल्या झाडाची कवळ कुणाच्या वाट्याची होती हेही सांगतील. जिथे भात लावणं सुटलं, भाजावळ थांबली, तिथे हीच झाडं पुन्हा हातपाय पसरताना दिसतील. आणि दाट झाडीत मध्येच दगडांचा गडगा आडवा आला, तर समजा की एके काळी इथे नाचणी-वरीची वरकस शेती होती. तुम्हाला जंगल वाटलं ते कदाचित पन्नास वर्षांपूर्वीचं शेत असेल.

मग वर सड्यावर या. जांभ्याचा हा उघडा कातळ उन्हाळ्यात ओसाड वाटतो, पण गावचं पाणी इथूनच सुरू होतं. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून मुरतं, खाली चिकट मातीच्या थराला अडतं, आणि सड्याच्या कडेला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. आता सड्याच्या कडेवरून खाली पाहा. पुष्कळ गावांत देवराई नेमकी याच पट्ट्यात, झऱ्याच्या डोक्यावर किंवा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, उगमाशी असते, आणि तिच्या खाली भाताची खाचरं उतरत गेलेली असतात. सड्यावरून एकदा हा सगळा उतार नजरेत घेतलात की राई त्या जागी का राहिली याचा निम्मा उलगडा तिथेच होतो. प्रत्येक राई अशी पाण्याकाठीच असते असं मात्र नाही. काही टेकडीच्या माथ्यावर आहेत, काही गावाच्या वेशीवर, आणि काही इतक्या लहान की चार-पाच गुंठ्यांत संपतात.

सड्यावरून चालताना पायाखाली लक्ष असू द्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्या, आहेत. उक्षी, कशेळी, बारसू ही त्यांतली प्रसिद्ध ठिकाणं, आणि २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या गावच्या सड्यावर असतीलच असं नाही, पण सकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, तेवढी नजर टाकून ठेवा. सापडलंच तर त्यावर खडू फिरवू नका.

एवढं झाल्यावर राईकडे या, पण लगेच आत जाऊ नका. जितकं जमेल तितकं काठाकाठाने तिच्याभोवती फिरा. काठावर रानमोडी आणि घाणेरी माजलेली दिसेल. दोन्ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेल्या, दोन्ही उन्हाच्या हपापलेल्या. राईच्या सावलीत त्यांचं काही चालत नाही. म्हणून त्या काठावरच थांबल्या असतील तर वरचं छत शाबूत आहे. आत घुसलेल्या दिसल्या तर जिथवर घुसल्या तिथवर आकाश उघडं पडलेलं असणार, कुठलं तरी मोठं झाड गेलेलं असणार. मी कुठल्याही नव्या राईत पहिलं हेच बघतो. किती प्रजाती आहेत हा हिशोब नंतरचा.

आता आत. पायताण काढायची पद्धत असेल तर काढा, त्याबद्दल पुढे सांगतो. आत शिरल्यावर पंधरा-वीस पावलांवर थांबा आणि बसा. तुमची पहिली फेरी फुकट गेली ती इथे. अर्धा तास तुम्ही चालत होतात, बहुधा बोलतही होतात, आणि पाचोळा वाजत होता. शिवाय दुपारची वेळ, तेव्हा पक्षी गप्पच असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाट रानात बरेचसे पक्षी एका जागी नसतात, अनेक जातींचा मिळून एक थवा होतो आणि तो झाडाझाडांतून सरकत जातो. निखार, शिलींद्री, नाचण, सुतार, आणि त्यांच्यामागून इतरांचे आवाज काढत फिरणारा भृंगराज. थवा दुसरीकडे असेल तर वीस-पंचवीस मिनिटं एक पंख हलताना दिसत नाही, आणि मग दहा मिनिटांत डोक्यावरचं झाड गजबजून जातं. चालणाऱ्याची आणि थव्याची गाठ पडणं नशिबाचा भाग. बसून राहणाऱ्याकडे थवा बहुधा येतो. सकाळी साडेसहा-सातला आत बसलेले असलात तर नऊपर्यंत एकदा तरी हे घडण्याची चांगली शक्यता. मोबाईलवर पक्ष्यांची साद वाजवून त्यांना बोलावणारे लोक तुम्हाला भेटतील. विणीच्या दिवसांत त्या पक्ष्याला वाटतं की हद्दीत दुसरा नर शिरलाय, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो. माझ्या सोबत असताना मी कुणाला ते करू देत नाही.

बसल्या जागी नजर वरून खाली आणा. बाहेरच्या रानात झाडं एका उंचीची होती. इथे मजले आहेत. सगळ्यांत वर बेहडा, सातवीण, आंबा, किंवा वड-पायरीसारखं एखादं झाड. त्याखाली जांभूळ, सुरंगी, रातांबा, काजरा. त्याखाली अंजनीसारखी लहान झाडं. आणि तळाला सावलीत तगणारी रोपं. राईराईप्रमाणे यादी बदलते, मजले मात्र बदलत नाहीत. मग वेलींकडे बघा. मांडीएवढी जाड वेल बाहेरच्या रानात दिसली नसेल, कारण तिला तेवढी जाड व्हायला तिचा आधार असलेलं झाड तितकी वर्षं उभं राहावं लागतं. गारंबीची वेल मिळाली तर भाग्य समजा. तिच्या शेंगा मीटरभर किंवा त्याहूनही लांब असतात, आणि पिळे घालत ती एका झाडावरून दुसऱ्यावर अशी जाते की तिचं मूळ कुठलं ते शोधत बसावं लागतं. राईचं वय कुणी विचारलं तर मी झाडाच्या घेरापेक्षा वेलीच्या जाडीकडे बोट दाखवतो, कारण उंबर-वडासारखी झाडं लवकर फुगतात आणि फसवतात.

पाचोळा हाताने नाही, काठीने थोडा बाजूला सारा. वर कोरडी पानं, खाली कुजती, त्याखाली काळी भुसभुशीत माती, आणि पांढऱ्या बुरशीचे धागे. बाहेर उतारावर हेच करून पाहिलं असेल तर तिथे वीतभरात मुरूम लागला होता. पावसाळ्यात याच थरात देवगांडूळ राहतं. ते गांडूळ नाही आणि सापही नाही, बेडकाच्या गोतातला बिनपायांचा जीव आहे. पाहून झालं की पाचोळा होता तसा पुन्हा पसरा.

प्राणी दिसला नाही म्हणून हिरमुसू नका, खुणा शोधा. वाटेवरच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा म्हणजे बहुतेक उदमांजर येऊन गेलं. घाटाच्या जवळच्या राईत उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरांची संख्या काढू नका. एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीखाली निरनिराळ्या फळांच्या बिया आणि विष्ठा यांचा ढीग साचलेला असेल तर मात्र आवाज बंद करा आणि मागे सरका. वर धनेशाचं, कोकणातल्या ककणेराचं, घरटं असू शकतं. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांना भरवतो. उन्हाळाभर हे चालतं, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाही चालू असू शकलं असतं. नर घाबरून आला नाही तर आत बसलेल्यांची उपासमार होते. पाहायचंच असेल तर दुर्बीण घेऊन लांब, आडोशाला बसा. धनेशाला मोठी ढोली लागते, ढोली व्हायला म्हातारं झाड लागतं, आणि बाहेरच्या तोडीच्या रानात झाड म्हातारं होतच नाही. देवराईचं महत्त्व मला कुणाला समजावायचं असेल तर मी एवढंच सांगतो.

राई निरोगी आहे का हे ओळखण्याची माझी एक साधी पद्धत आहे. वरच्या मजल्यावर जी मोठी झाडं आहेत त्यांचीच रोपं खाली दिसतात का? बेहडा आहे पण बेहड्याचं रोप नाही, जांभूळ आहे पण गुडघ्याएवढं जांभूळही नाही, असं असेल तर राई आज कितीही गर्द दिसो, ती म्हातारी होत चाललीय. गुरं आत चरतात का, पाचोळा झाडून नेतात का, याची चौकशी करा. हल्ली आणखी एक कारण वाढलंय. शेंदूर लावलेल्या दगडाचा साधा देव जाऊन सिमेंटचं देऊळ येतं, देवळाला सभामंडप, मंडपाला रस्ता, रस्त्याला वाहनतळ. गावकऱ्यांची श्रद्धा खोटी नसते, पैसाही बहुधा मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतूनच आलेला असतो. पण राईच्या मधोमध एवढी जागा मोकळी झाली की चारी बाजूंनी ऊन आणि रानमोडी आत येते.

दगडांबद्दल. तुम्ही ‘चार दगड’ म्हणालात, ते नीट पाहिलेत का? शेंदूर फासलेला, आकार नसलेला असतो तो तांदळा, म्हणजे देवच. पण बाजूला पाचोळ्यात कललेली, कोरीव काम असलेली शिळा असेल तर ती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, असू शकते. सहसा तळच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोपरातून वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. हात लावू नका, शेंदूर खरवडू नका, सरळ करायलाही जाऊ नका.

आणि इथेच परवानगीचा विषय येतो. जमीन सातबाऱ्यावर कुणाच्याही नावे असो, राई गावाची असते. आधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना भेटा, कोणत्या घरचे नातू-भाचे आहात ते सांगा, आजोळचं नाव निघालं की अर्धं काम होतं. कुठे पायताण बाहेर ठेवतात, कुठे ठरावीक दिवशी आत जात नाहीत, कुठे स्त्रियांना गाभ्यात मज्जाव असतो. पटो न पटो, पहिल्या भेटीत वाद घालून काही साधत नाही. एक नियम मात्र सगळीकडे सारखा: आतून काही बाहेर न्यायचं नाही. फूल नाही, शेंग नाही, पडलेली वाळकी काटकीही नाही. काही गावांत मोडून पडलेल्या झाडाला हात लावायचा तरी देवाला कौल लावतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं आणि अभ्यासकांचं लक्ष या विषयाकडे वेधलं. ते ज्या रायांबद्दल लिहीत होते त्या अशा नियमांच्या जोरावरच टिकल्या होत्या.

कधी जायचं? पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नोव्हेंबर ते जानेवारी सांगतो. वाटा कोरड्या असतात, जळवा नसतात, सकाळी पक्षी जागेवर. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, संध्याकाळी राईच्या काठाला काजवे पाहायला जा, पण आत न शिरता. ऑगस्ट-सप्टेंबर सड्याचा. कातळावर बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि ते पाण्यातले सूक्ष्म जीव खेचून घेतात. त्या दिवसांत सड्यावर धुकं उतरलं तर पायवाट सोडू नका. राईत माणूस हरवत नाही, सड्यावर हरवतो, कारण तिथे खूण धरायला झाडच नसतं. चार वेगवेगळ्या राया एकेकदा बघण्यापेक्षा हीच राई चार ऋतूंत बघावी असं मला वाटतं.

बरोबर नेण्याच्या सामानाचं फार मनावर घेऊ नका. मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाणी, दुर्बीण, वही, शिवणकामाचा टेप. अत्तर किंवा वासाचं तेल लावून जाऊ नका; उंच फांदीला आग्या मोहोळ असेल तर तो वास महागात पडतो, आणि मोहोळ दिसलं तर त्या बाजूला धूरही नको, दगडही नको. ढोलीत, बिळात, ओंडक्याखाली हात घालू नका. साप चावलाच तर कापणं, आवळून बांधणं, मंत्र-तंत्र काही नको. हातपाय न हलवता थेट रुग्णालय गाठा. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे. फुरसं सड्यावर असतं. राईतला हिरवा किंवा तपकिरी चापडा या चौघांत नाही, म्हणून त्याच्यापासून अंतर राखणं हाच उपाय.

सिंधुदुर्गात असाल तर गोचिडांची गोष्ट गंभीरपणे घ्या. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून दोडामार्ग भागात आढळला आहे. तो गोचिडांमधून पसरतो, आणि डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस, म्हणजे रान फिरण्याचेच. पाचोळ्यावर थेट बसू नका, जाड चादर किंवा सतरंजी अंथरा. पायताण बाहेर काढायचं असेल तर मोजे ठेवता येतात का ते विचारा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, काखा-जांघा तपासा. पुढच्या आठवडा-दीड आठवड्यात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

वहीत काय लिहायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. तारीख, वेळ, झऱ्याला पाणी आहे की नाही, काय फुललंय, काय फळलंय. मोठ्या झाडांचा घेर जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटरवर मोजा. आधारमुळं फुटलेली असतील तर ती संपतात त्याच्या वर. नावं गावात विचारून लिहा, पुस्तकातलं नाव नंतर शोधता येतं. ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं ॲप चांगलं आहे, मात्र धनेशाचं घरटं किंवा दुर्मीळ झाडाचं ठिकाण टाकताना ते धूसर ठेवण्याची सोय वापरा. ही यादी एका वर्षाची झाली की तिची एक प्रत गुरवांना द्या आणि एक ग्रामपंचायतीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच नोंदवह्यांत राईच्या नावापुढे दोन ओळींपलीकडे काही नसतं, त्यामुळे घेरासकट झाडांची यादी घेऊन येणाऱ्या माणसाला ग्रामसेवक बसायला खुर्ची देतील.